मतांचे प्रमाण आणि जागांचे प्रमाण

लोकशाहीत बहुमताचा मान राखलाच पाहिजे. परंतु अल्पमतासही सभागृहात स्थान मिळणे अगत्याचे असते. या दृष्टीने अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचा अनुभव उद्बोधक आहे. १९३५ साली तेथील नगरसभेच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षास सुमारे ६६ टक्के मते मिळाली. जागा मात्र ६५ पैकी ६२ मिळाल्या. प्रत्येक प्रभागातून एकच सदस्य निवडला जात असल्याने इतरांची बहुतेक मते निष्फळ ठरली.

१९३६ साली नागरिकांनी सार्वमताने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत स्वीकारली. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहीत. शहराच्या पाचही विभागांत साधारणतः ७५,००० मतांमागे एक सदस्य निवडला जाई. विजयी उमेदवाराची जादा मते, तसेच सर्वांत मागे पडलेल्याची मते, पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे वळविली जात. १९३७ मध्ये नव्या नगरपरिषदेत डेमोक्रॅटिक पक्षास सुमारे ४७ टक्के मते व २६ पैकी १३ जागा मिळाल्या. १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल (धाकटे) हे परिषदेचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले.

पुढे साम्यवादी सदस्यही निवडून आले. त्यामुळे विरोध बळावला व १९४७ च्या सार्वमताने ही पद्धत रद्द झाली. १९४९ मध्ये सुमारे ५३ टक्के मतांवर डेमोक्रॅटिक पक्षाने २५ पैकी २४ जागा मिळविल्या.

आपल्याकडे राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार असाच पसंतीक्रम देतात. मतदारांचा कौल सभागृहात कितपत उमटतो, हे मोजणीच्या नियमावरही अवलंबून असते. म्हणून तो नियम प्रत्येक नागरिकाने समजून घेणे इष्ट होय.