लग्नाची कॅसेट, डीव्हीडी आणि पेनड्राइव्ह : नेहमीच्या शंका आणि त्यांची उत्तरे

आम्ही कापडाचे व्यापारी. मालाचा रंग पक्का की कच्चा, हे हात लावून सांगू. पण व्हिडिओच्या बाबतीत आम्हीच फसलो. आमच्या निकाहची कॅसेट १९९६ सालची. तीत आमचे मरहूम वालिद पाहुण्यांना हाताला धरून दस्तरखानावर बसवताना दिसतात. त्यांचे चालते-बोलते चित्र तेवढे एकच. घरातला व्हीसीआर बिघडला, तेव्हा २००४ च्या सुमारास ग्रँट रोडच्या बाजूला एका दुकानात आम्ही तिची डीव्हीडी करून घेतली आणि अडगळ नको म्हणून कॅसेट फेकून दिली. अलीकडे मुलीच्या लग्नाच्या गडबडीत ती डीव्हीडी लावली, तर पाच मिनिटांत चित्र अडकले ते अडकलेच. वर ओरखडा एकही नव्हता. धाकट्या बहिणीने परळच्या घरी दुसरी प्रत जपली होती आणि पुढे ती हार्ड डिस्कवरही उतरवली होती, म्हणून वालिदसाहेबांचा चेहरा पुन्हा पाहायला मिळाला.

हा किस्सा बाजारात सांगितला, तेव्हा जवळपास प्रत्येकाकडे अशीच एखादी कॅसेट किंवा डीव्हीडी निघाली. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि जाणकारांकडून समजून घेतलेली उत्तरे येथे देत आहोत.

ओरखडा नसताना डीव्हीडी खराब कशी होते?

याचे उत्तर कापडवाल्याला लगेच पटेल. तबकड्या दोन प्रकारच्या असतात. कंपनीने छापलेल्या सिनेमाच्या तबकडीत माहिती म्हणजे प्लास्टिकमध्ये साच्याने उठवलेले सूक्ष्म खड्डे. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. ही झाली विणकामातली नक्षी. दुकानात भरून मिळणाऱ्या कोऱ्या तबकडीत मात्र रंगाचा थर असतो आणि लेझर त्या रंगावर खुणा करतो. ही झाली कापडावरची छपाई. यांतले बरेच रंग अझो आणि थॅलोसायनिन या कुळांतले. या कुळांचे रंग आमच्या कपड्यालाही लागतात. शोकेसमध्ये उन्हासमोर ठेवलेल्या ठाणाची घडी विटते, तसाच हा रंगही ऊन आणि उष्णतेने विटतो. आमची डीव्हीडी टीव्हीखाली, खिडकीच्या उन्हात होती. बहिणीची कपाटात, कव्हरमध्ये. दोघांच्या नशिबातला फरक एवढाच.

ओळखायचे कसे? तबकडी उलटी करून पाहा. छापील तबकडी बहुधा स्वच्छ चांदीसारखी दिसते. भरलेल्या तबकडीवर हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक असते.

व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांत फरक काय?

आकार एकच, पण टाके कमी-जास्त दाट. सुई जितकी बारीक, तितके टाके जास्त. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा आणि ब्लू-रेचा ४०५ चा. म्हणून सीडीत सुमारे ७०० एमबी मावते, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि एकथरी ब्लू-रेमध्ये २५ जीबी. व्हीसीडी १९९३ साली ठरली. तीत सुमारे ७४ मिनिटांचे चित्र बसे, म्हणून तीन तासांचा हिंदी सिनेमा दोन-तीन तबकड्यांवर येई. डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये आली, ब्लू-रे २००६ साली. ब्लू-रेच्या यंत्रात साधारणपणे डीव्हीडी चालते. डीव्हीडीच्या यंत्रात ब्लू-रे चालत नाही. परदेशाहून नातेवाइकांनी पाठवलेली डीव्हीडी कधी कधी चालत नाही, त्याचे कारण विभागाचा क्रमांक. भारताचा क्रमांक ५, अमेरिकेचा १, आखाती देशांचा २.

माल टिकला तरी यंत्र टिकेल का?

हाच खरा धोका आहे. लालबाग-परळच्या चाळींत एके काळी भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर सिनेमे पाहत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ साली २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी देऊन बाजार हलवून सोडला होता. तीही २०१८ साली दिवाळखोरीत गेली. आज नव्या लॅपटॉपला बहुधा तबकडीचा खणही नसतो. तेव्हा घरात व्हीएचएस कॅसेट असेल तर आता वेळ घालवू नका. मुंबईच्या पावसाळी हवेत फितीला बुरशी लागते. पांढरे डाग दिसले तर कॅसेट यंत्रात घालू नका. फीत तुटेल आणि यंत्राचे हेडही खराब होईल. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. आणि प्रत काढल्यावर मूळ कॅसेट फेकू नका. ती चूक आमची झाली.

फाईल एमपीफोर आहे, तरी टीव्हीवर का चालत नाही?

एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही ही गाठोड्याच्या बारदानाची नावे आहेत. आत कापड कोणते, ते बारदानावरून कळत नाही. आतल्या चित्राची घडी घालण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एच २६४ ही पद्धत २००३ ची, एच २६५ ही २०१३ ची. नवी पद्धत निम्म्या जागेत जवळपास तेवढेच चित्र बसवते, पण जुन्या टीव्हीला ती घडी उलगडता येत नाही. उपाय म्हणजे टीव्हीसाठी जुन्या पद्धतीची वेगळी प्रत करणे. मूळ फाईल मात्र आहे तशी ठेवावी. कारण प्रत्येक नव्या घडीत चित्राचा पोत थोडा जातो, जसा धुण्यागणिक कापडाचा जातो. व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ पाठवला तरी तो असाच दाबला जातो; डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास तसाच पोहोचतो.

एक टीबीची हार्ड डिस्क घेतली, संगणकावर ९३१ जीबीच दिसते. फसवणूक झाली का?

नाही. बनवणारा हजाराने मोजतो, संगणक १०२४ ने. एकाचा गज आणि दुसऱ्याचा मीटर, एवढाच प्रकार. पण पदपथावर कवडीमोलाने मिळणारा 'दोन टीबी'चा पेनड्राइव्ह बहुधा खोटाच निघतो. संगणकाला तो मोठे माप दाखवतो, आत जागा थोडी असते आणि जास्तीचे भरले की ते नाहीसे होते. विकत घेतल्यावर आधी पूर्ण भरून, परत वाचून पाहा. जागा असूनही ४ जीबीहून मोठी फाईल जात नसेल, तर पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा आहे. तो एक्सफॅट करून घ्यावा. मात्र तसे करताना आतले सर्व पुसले जाते.

पेनड्राइव्ह माल ने-आण करण्यासाठी, गोदाम म्हणून नव्हे. त्यात माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहते आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार झिरपतो.

दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रण कोर्टात चालते का?

चालते, पण नियमाने. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा खटला आठवा. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हे व्हिडिओ चित्रणावरून ठरायचे होते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ यंत्र हजर न करता नक्कल दिली, तर कायद्याचे प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून हा नियम भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्रात फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा, द्यावा लागतो आणि तज्ज्ञाचाही भाग असतो. दुकानात चोरी किंवा तंटा झाला, तर त्याच दिवशी चित्रण वेगळे काढा. डिस्क भरली की यंत्र जुन्यावरच नवे लिहिते. मूळ यंत्र जपा आणि वकिलाला विचारा.

मग जपावे कशात?

एकाच वस्तूवर भरवसा ठेवू नये. तीन प्रती कराव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. वर्षातून एकदा लावून पाहावे आणि पाच-सात वर्षांनी नव्या साधनावर उतरवावे. आम्ही आता एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठ्यात आणि एक परळला बहिणीकडे ठेवली आहे.

हे जास्तीचे वाटत असेल, तर गिरगावची एक गोष्ट ध्यानात घ्या. १४ मार्च १९३१ रोजी तिथल्या मॅजेस्टिक थिएटरात अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' लागला. हिंदुस्थानचा तो पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याच्या फिल्म संग्रहालयाच्या २००३ च्या आगीत तो जळाला, असे वारंवार छापून येते. पण १९६४ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयाकडे त्याची प्रत कधी पोहोचलीच नव्हती. जो माल वेळेवर उतरवून ठेवला नाही, तो गेला.

आमचा व्यवहारातला तजुर्बा सांगतो की गेलेला पैसा परत कमावता येतो. वडिलांचा आवाज बाजारात मिळत नाही. ती पुढच्या पिढीची अमानत आहे. येत्या सुट्टीत कपाट उघडा, कॅसेटी आणि तबकड्या बाहेर काढा आणि ज्यांच्यात घरातली गेलेली माणसे आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा.