रविवारच्या आहाराची विचारणा
जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२-९३ च्या बालमृत्यूंनी जव्हार-मोखाड्यातील कुपोषण राज्यासमोर आणले. आज अंगणवाडीतून पूरक आहार मिळतो. तथापि त्याचे नियोजन वर्षातील ३०० दिवसांचे आहे. उर्वरित ६५ दिवशी, म्हणजे रविवारी व सुट्टीच्या दिवशी, बालकाचा आहार सर्वस्वी घरावर अवलंबून असतो. चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी राशी व काल यांचा भंग होण्याचा संभव याच दिवशी अधिक. म्हणून मातेच्या हाती टॉनिकची बाटली देण्यापूर्वी चिकित्सकांनी व औषधविक्रेत्यांनी ‘रविवारी बाळाने काय व किती वेळा खाल्ले?’ हे अवश्य विचारावे, असे आम्ही सुचवितो. नागली, वरई, उडीद यांचे मऊ अन्न किंचित तेल घालून थोडे थोडे, अनेक वेळा द्यावयास सांगावे. वजन घटतच राहिल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.