ओतलेलं पाणी, उडालेलं पाणी

धान अजून उभं असतं, लोंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात, आणि भंडारा जिल्ह्यातला शेतकरी बांधीतल्या ओल्या मातीत लाखोळी या कडधान्याचं बी फेकतो. नांगरट नाही, खत नाही, ओलीत नाही. धान कापून नेलं की मागे उरलेल्या ओलाव्यावर हे पीक आपलं आपण वाढतं. थंडीत त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, उन्हाळा लागता लागता दाणा घरात आणायचा. पवनी, लाखांदूर, साकोलीकडच्या कित्येक घरांत वर्षाचं वरण, वडे आणि बेसन याच दाण्यावर निघत आलं आहे. दाण्यात २८ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आहेत. गरिबाच्या ताटाला याहून स्वस्त प्रथिन या मुलखात मिळणं अवघड.

याच दाण्यात एक विषही आहे. म्हणूनच लाखोळी रांधण्याच्या आणि साठवण्याच्या ज्या युक्त्या एक मैत्रीण दुसरीला सांगते, त्या नीट समजून घ्यायला हव्यात. त्यातली एक मी लाखांदूर तालुक्यात ऐकली. डाळ पहिल्यांदाच शिजवणाऱ्या नव्या सुनेला शेजारीण सांगत होती, “पयलं पानी फेकून देजो वो.” एवढंच. का फेकायचं, ते तिने सांगितलं नाही आणि सुनेनेही विचारलं नाही.

का फेकायचं, याचं उत्तर १९६४ साली मिळालं. एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा या भारतीय संशोधकांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. आज ते ‘ओडॅप’ या आटोपशीर नावाने ओळखलं जातं. आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. ओडॅपची ठेवण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की पेशी फसते, गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होते आणि तसंच चालू राहिलं तर मरते. पायांच्या हालचाली सांभाळणाऱ्या पेशींना याचा फटका सर्वाधिक बसतो. पाय ताठरतात, चालताना एकमेकांत अडकतात. बुद्धी शाबूत राहते, हातही बहुधा चालतात, पण गेलेली चाल परत येत नाही. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. सागर भागात १८२९ पासून गहू बुडाल्यावर लोक याच दाण्यावर जगले आणि पुढे तरणीताठी माणसं लंगडी झाली, याची नोंद स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात केली आहे.

हा आजार एखाद्या वाटीभर वरणाने होत नाही. जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीच असेल आणि हे दोन-तीन महिने किंवा अधिक चालू राहिलं, तर धोका उभा राहतो. म्हणजे हा दुष्काळाचा आजार आहे. ज्या घरात भात आहे, कांदा-लसूण आहे, हिरवी भाजी आहे, तिथे तो सहसा शिरत नाही. लाखोळीत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात, ती भातातून मिळतात. इथिओपियात १९९७ पासून आलेल्या साथीचा अभ्यास झाला, तेव्हाही असंच दिसलं. मसाले घातलेल्या रश्शासोबत हा दाणा खाणाऱ्यांना धोका कमी होता. नुसता उकडून किंवा भाजून खाणाऱ्यांना जास्त होता.

आता शेजारणीच्या युक्तीकडे येऊ. ओडॅप पाण्यात सहज विरघळतं. डाळ कडकडीत गरम पाण्यात काही तास भिजत ठेवली की पाणी पिवळसर, किंचित फेसाळ होतं. दाण्यातलं विष या पाण्यात उतरत असतं. ते पाणी ओतून टाकलं, डाळ पुन्हा भरपूर पाण्यात उकळली आणि तेही पाणी काढलं, की विषाचा बराच मोठा भाग मोरीतून निघून जातो. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९६६ मध्ये हीच घरगुती पद्धत तपासून सुचवली होती. तिची किंमतही आहे. पाण्यात विरघळणारी ब गटाची जीवनसत्त्वं त्याच पाण्याबरोबर जातात. ही किंमत मला मान्य आहे, कारण ती दुसऱ्या भाजीतून भरून काढता येते. पायांचं तसं नाही.

शेजारणीची युक्ती पातेल्याच्या काळातली आहे. आता घरोघरी कुकर आहे. मोजून पाणी घालायचं, झाकण लावायचं, शिट्ट्या झाल्या की तेच पाणी घोटून वरण करायचं. उष्णतेने ओडॅपचा काही भाग कमी विषारी रूपात बदलतो, हे खरं. पण जो उरतो तो सगळा ताटात येतो, कारण पाणी कुठेच गेलेलं नसतं. कुकर वापरायला हरकत नाही. मात्र भिजवण्याचं आणि पहिल्या उकळीचं पाणी आधी ओतून मगच डाळ कुकरला लावावी. युक्ती सांगताना कारण गळालं की भांडं बदलताच युक्तीही गळते. मला याचीच खरी काळजी वाटते.

दुसरी युक्ती आहे भाजी वाळवण्याची. पौषात लाखोळीचे शेंडे खुडतात, निवडतात, कापडावर पातळ पसरतात आणि कुरकुरीत वाळल्यावर डब्यात भरतात. उन्हाळ्यात हिरवं काही मिळत नाही, तेव्हा हीच भाजी डाळीत शिजते. या वाळवणामागचं विज्ञान सुंदर आहे. बुरशीला आणि जिवाणूंना नुसतं पाणी असून भागत नाही, ते मोकळं, वापरता येण्याजोगं असावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० च्या दशकात हे मांडलं. या मोकळेपणाच्या मापात शुद्ध पाण्याला १ धरलं तर बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, बहुतेक बुरशा ०.८ च्या आसपास थांबतात आणि ०.६ च्या खाली कुणाचंच काही चालत नाही. हातात चुरलं की पान कडकन तुटलं पाहिजे, ही बायकांची परीक्षा म्हणजे पानातलं मोकळं पाणी संपलं की नाही, ते पाहणंच आहे. पान नुसतं वाकलं तर अजून एक दिवस.

जानेवारीची हवा इथे कोरडी असते, म्हणून सावलीतही भाजी वाळते. कडक उन्हात रंग उडतो आणि अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीनही बरंच जातं. सावलीत दोन्ही जास्त टिकतात. उन्हात वाळवलीच असेल तर गरम भाजी लगेच डब्यात कोंबू नये. आत वाफ धरते, झाकणाला थेंब येतात आणि कष्टाने घालवलेलं पाणी परत येतं. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा वारंवार उघडल्या जाणाऱ्या मोठ्या डब्यापेक्षा छोट्या घट्ट बरण्या बऱ्या.

पण ओडॅपच्या बाबतीत या दोन युक्त्या एकमेकींच्या उलट चालतात. ओतलेलं पाणी आपल्यातलं विरघळलेलं सगळं घेऊन जातं. उडालेलं पाणी एकटंच जातं, बाकी सगळं मागे ठेवून. ओडॅप हवेत उडत नाही आणि ते पानांतही असतं. म्हणजे वाळवणाने भाजी टिकते, पण विषाचा कणही कमी होत नाही. उलट हलक्या झालेल्या भाजीच्या मुठीत ते दाटतं. “वाळवलीय, आता काही होत नाही” असं कुणी म्हटलं तर ते बुरशीपुरतं खरं आहे. सुकी भाजी गरम पाण्यात भिजवून, पिळून, ते पाणी टाकून मगच फोडणीला घालावी.

या विषापायीच सरकारने १९६१ साली लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. पेरणं आणि खाणं थांबलं नाही, थांबणारही नव्हतं, कारण धानानंतरच्या कोरडवाहू बांधीत असं बिनखर्चाचं दुसरं पीक नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढले. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण तयार केले. प्रतीक आणि महातिवडा शेजारच्या रायपूरच्या कृषी विद्यापीठातले. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने या तीन वाणांच्या बाजूने कौल दिला. हे बियाणं भंडाऱ्याच्या बांधीत सहज मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तरी नव्या वाणाच्या भरवशावर पातेलं आडवं करायचं सोडू नये. मधमाश्या शेजारच्या जुन्या लाखोळीचा पराग आणून सोडतात, त्यामुळे घरचं बी दोन-चार वर्षांत मिसळतं. जमिनीत जस्त कमी असेल किंवा पिकाला पाण्याचा ताण बसला, तर त्याच वाणात ओडॅप वाढतं. दाण्याकडे बघून यातलं काहीच कळत नाही.