ताणले, तरी कोपरे तसेच

नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये 20 सें.मी. लांबीचा पत्र्याचा ट्रे 60 सें.मी. करून मागितला, तर कारागीर लांब पत्रा घेतो. पण बेंडची गोलाई तिप्पट करत नाही. ती ठरते पत्र्याच्या जाडीवर आणि वाकवण्याच्या साच्यावर.

संगणकाला ही समज आपण द्यावी लागते. समजा, ॲनिमेशनमध्ये 100 ठिपके रुंद व 60 ठिपके उंच अशी पाटी आहे. तिचे कोपरे 10 ठिपके त्रिज्येचे, गोल आहेत. तिची रुंदी 300 करायला सांगितली की संगणक प्रत्येक आडवे अंतर 3 ने गुणतो, उभे तसेच ठेवतो. कोपरा 30 रुंद व 10 उंच होतो, म्हणजे वर्तुळाचा तुकडा लंबवर्तुळाचा होतो. उभ्या कडांच्या रेघा तिप्पट जाड होतात, आडव्या मात्र पूर्वीइतक्याच राहतात. पाटी बेढब दिसते.

यावरचा उपाय सोपा आहे. दोन उभ्या व दोन आडव्या रेषांनी पाटीचे नऊ भाग करायचे. चार कोपरे मुळीच ताणायचे नाहीत. वरची व खालची कड फक्त आडवी, डावी व उजवी कड फक्त उभी ताणायची. मधला भाग दोन्ही दिशांनी ताणायचा.

आता गणित पाहू. दोन कोपऱ्यांचे 20 ठिपके कायम राहतात. मधल्या 80 ठिपक्यांचे 280 व्हायला हवेत. म्हणजे मधला भाग 3 पट नव्हे, 3.5 पट ताणला जातो. असे का, हे विद्यार्थ्यांना जरूर विचारावे.

2005 साली आलेल्या फ्लॅश 8 मध्ये यासाठी 'स्केल-नाइन-ग्रिड' हा गुणधर्म होता. प्रोग्रॅममध्ये फक्त मधला आयत सांगायचा: डावीकडून 10, वरून 10, रुंदी 80, उंची 40. उरलेले आठ भाग आपोआप ठरत. फ्लॅश प्लेअर 2020 अखेर बंद झाला, पण अँड्रॉइडमधील 'नाइन-पॅच' चित्रांत हीच कल्पना वापरतात.

या युक्तीला मर्यादाही आहेत. पाटी 15 ठिपके रुंद केली, तर 20 ठिपक्यांचे कोपरे मावणार कुठे? आणि मधल्या भागात अक्षरे चितारलेली असतील तर तीही ताणली जातील. म्हणून अक्षरे पाटीवर वेगळी ठेवावीत.

वर्गात आलेखकागदावर ही पाटी दोन्ही रीतींनी 200 रुंदीची करून पाहावी. मधल्या भागाचा गुणक किती येतो?