रोलिंग अपग्रेड

रोलिंग अपग्रेड ही वितरित डेटाबेसची आवृत्ती सेवा बंद न करता बदलण्याची पद्धत आहे. क्लस्टरमधील सर्व संगणक एकदम थांबविण्याऐवजी एकेक नोड थांबवून त्यावर नवी आवृत्ती बसविली जाते आणि तो नोड पुन्हा कामाला लागल्यावरच पुढचा हाती घेतला जातो. वापरकर्त्याच्या दृष्टीने डेटाबेस अखंड चालू राहतो. मात्र तेवढ्या काळात क्लस्टरमध्ये जुनी व नवी अशा दोन आवृत्त्या एकत्र नांदत असतात. या पद्धतीतील बहुतेक धोके याच मिश्र अवस्थेतून उद्भवतात.

या पद्धतीचे स्वरूप अपाचे कॅसँड्रा या डेटाबेसवरून चांगले स्पष्ट होते. फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण व प्रशांत मलिक यांनी विकसित केलेला हा डेटाबेस २००८ मध्ये मुक्तस्रोत झाला. त्यात मुख्य आणि दुय्यम असा भेद नसून सर्व नोड समान दर्जाचे असतात. त्यामुळे कोणताही एक नोड काही काळ बाजूला काढता येतो.

सेवा चालू कशी राहते

कॅसँड्रामध्ये प्रत्येक नोंदीच्या अनेक प्रती वेगवेगळ्या नोडवर ठेवल्या जातात. प्रतींची संख्या तीन असल्यास बहुमतासाठी, म्हणजेच कोरमसाठी, दोन प्रती पुरतात. एक नोड बंद असला तरी उरलेल्या दोन प्रतींवर वाचन व लेखन चालू राहते. दुसरी प्रत ठेवणारा नोडही त्याच वेळी बंद पडला, तर त्या भागातील नोंदींसाठी कोरम मिळत नाही. एका वेळी एकच नोड हा दंडक येथून आला आहे. ज्या प्रणालीत प्रत एकच आहे किंवा सर्व प्रतींच्या होकाराची अट घातलेली आहे, तेथे रोलिंग अपग्रेड करूनही सेवा खंडित होतेच.

नोड बंद करण्यापूर्वी त्याचा स्नॅपशॉट घेतला जातो. स्नॅपशॉट हे मूळ फाइलींचे केवळ हार्डलिंक असल्याने आरंभी जवळजवळ जागा व्यापत नाही; जुन्या फाइली नव्याने लिहिल्या जाऊ लागल्या की मात्र डिस्क भरू लागते. त्यानंतर ड्रेन ही आज्ञा दिली जाते. तिच्यामुळे नोड नव्या विनंत्या घेणे थांबवितो व स्मृतीत असलेल्या नोंदी डिस्कवर उतरवितो. परिणामी नव्या आवृत्तीला जुन्या आवृत्तीचा कमिट लॉग वाचावा लागत नाही. पुढे नवी आवृत्ती बसवून, जुन्या मांडणी-फाइलीतील मूल्ये नव्या फाइलीत जुळवून नोड सुरू केला जातो. इतर नोडना तो पूर्ववत दिसू लागेपर्यंत थांबणे आवश्यक असते. घाईने पुढे जाण्याची चूक बहुधा येथेच होते.

मिश्र अवस्था

बंद नोडसाठी आलेली लेखने इतर नोड हिंट या स्वरूपात राखून ठेवतात व तो परतल्यावर त्याच्याकडे पोहोचवितात. ही सोय मूळ मांडणीनुसार तीन तासांपुरतीच असते. नोड त्याहून अधिक काळ बंद राहिला, तर सुटलेल्या नोंदी भरून काढण्यासाठी रिपेअर ही प्रक्रिया चालवावी लागते. परंतु मुख्य आवृत्ती बदलत असताना, सर्व नोड नव्या आवृत्तीवर येईपर्यंत रिपेअर चालवू नये असा नियम आहे, कारण भिन्न मुख्य आवृत्त्यांमध्ये फाइलींची देवाणघेवाण होऊ शकत नाही. याच कारणामुळे नवा नोड जोडणे किंवा नादुरुस्त नोडच्या जागी दुसरा आणणेही या काळात टाळावे लागते. तक्त्यांच्या रचनेतील बदलही थांबविले जातात. अर्धवट अवस्थेत एखादी डिस्क बिघडली, तर नेहमीचा उपाय हाताशी नसतो.

काम लांबविण्यात आणखी एक धोका आहे. कॅसँड्रा पुसलेली नोंद लगेच काढून टाकत नाही. ती पुसल्याची खूण मूळ मांडणीनुसार दहा दिवस जपली जाते. एखाद्या नोडपर्यंत ती खूण पोहोचलीच नाही आणि दहा दिवसांत रिपेअरही झाली नाही, तर पुसलेली नोंद पुन्हा जिवंत होऊ शकते. मोठ्या क्लस्टरचे काम आठवडेच्या आठवडे रेंगाळत ठेवणे म्हणूनच सुरक्षित नाही. जेथे प्रत्येक रॅकवर प्रत्येक नोंदीची एकच प्रत येईल अशी मांडणी असते, तेथे एका रॅकवरील सर्व नोड एकत्र बदलून हा काळ बराच कमी करता येतो.

माघार

नवी आवृत्ती सुरू होताच ती आपल्या स्वरूपातील फाइली लिहू लागते. नवी आवृत्ती मागील मुख्य आवृत्तीच्या फाइली वाचू शकते. उलट दिशेने तसे होत नाही. त्यामुळे पहिल्या एकदोन नोडवर दोष आढळल्यास स्नॅपशॉटवरून जुनी स्थिती आणता येते व मधल्या नोंदी इतर प्रतींतून मिळविता येतात. सर्व नोड बदलून झाल्यावर मात्र स्नॅपशॉटकडे परतणे म्हणजे त्यानंतरच्या लेखनावर पाणी सोडणे होय. पहिला नोड बदलल्यावर काही काळ थांबून निरीक्षण करण्याला म्हणून विशेष महत्त्व आहे.

सर्व नोड बदलल्यावर जुन्या फाइली नव्या स्वरूपात पुन्हा लिहिल्या जातात. या कामाचा डिस्कवर मोठा ताण पडतो, पण पुढील मुख्य आवृत्तीपूर्वी ते पूर्ण करावेच लागते. २.x वरून थेट ४.० वर जाता येत नाही, मध्ये ३.x चा टप्पा घ्यावा लागतो.

५.० या आवृत्तीत माघारीची वाट अधिक काळ खुली ठेवण्यासाठी साठवण-सुसंगततेची स्वतंत्र सोय देण्यात आली. आरंभी नोड ४.x ला वाचता येईल अशाच स्वरूपात लिहितात. नंतर मांडणी बदलून, पुन्हा एकेक नोड सुरू करत, दोन टप्प्यांत नवे स्वरूप लागू केले जाते. सुरक्षिततेची ही किंमत म्हणजे संपूर्ण क्लस्टरच्या अधिकच्या फेऱ्या होत.

इतर प्रणाली

मोंगोडीबीच्या रेप्लिका सेटमध्ये मुख्य नोड असल्याने क्रम वेगळा असतो. प्रथम दुय्यम नोड बदलले जातात आणि शेवटी मुख्य नोडला पायउतार करून नव्याची निवड होऊ दिली जाते. निवड पूर्ण होईपर्यंत लेखन थांबते, त्यामुळे अयशस्वी लेखन पुन्हा करून पाहण्याची तयारी अनुप्रयोगात असावी लागते. नव्या आवृत्तीची साठवणविषयक वैशिष्ट्ये तेथेही आपोआप लागू होत नाहीत. सर्व नोड बदलल्यानंतर प्रशासक वेगळी आज्ञा देऊन ती खुली करतो.