मोहाच्या वाटेवरचे किनवट

सकाळी नाशिकहून गंगापूर धरणाच्या दिशेने निघावे, द्राक्षमळ्यांमधून फिरत दोन-तीन वायनरी पाहाव्यात, वाइन कशी तयार होते ते समजून घ्यावे आणि सूर्यास्त पाहून परतावे, असा एका दिवसाचा प्रवास आता मुंबई-पुण्याच्या पर्यटकांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे. ही वाट आपोआप तयार झालेली नाही. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाइनला करसवलती दिल्या आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्कची आखणी केली. 'सुला'ने २००५ मध्ये आपल्या मळ्यात पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याचे दालन उघडले. पाठोपाठ लहान वायनरींचीही दारे पर्यटकांसाठी उघडली. धोरण बदलले की शेतमालाचे भाग्य कसे पालटते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठवाड्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर वसलेल्या किनवट तालुक्यात द्राक्षमळे नाहीत आणि वायनरीही नाहीत. मात्र मद्यनिर्मितीसाठी मध्य भारतात शतकानुशतके वापरले जाणारे फूल येथील जंगलात दरवर्षी भरभरून गळते. ते फूल म्हणजे मोह. नाशिकच्या द्राक्षाला जे मिळाले ते किनवटच्या मोहाला का मिळाले नाही, हा प्रश्न या वाटेवरून जाताना पडल्यावाचून राहत नाही.

दिवसभराची वाट

नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूरमार्गे किनवटला जाणारा रस्ता मराठवाड्याच्या रूढ प्रतिमेला छेद देणारा आहे. कपाशी आणि सोयाबीनची काळी शेते मागे पडतात आणि सागाचे जंगल सुरू होते. इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. त्याचे रौद्र रूप पाहायचे तर पावसाळ्यातच यावे. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे याच तालुक्यात आहेत. पुढे साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेले माहूर, तेथील रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर आणि किल्ला आहे. नदीच्या दोन्ही अंगांना पैनगंगा अभयारण्य पसरले आहे.

मोह पाहायचा असेल तर मात्र मार्च-एप्रिलच गाठायला हवा. सागाची पाने झडलेली असतात, पळस फुलून गेलेला असतो आणि पहाटेच्या गारव्यात मोहाची फिकट पिवळसर, रसाळ फुले टपटप खाली पडत असतात. उजाडण्यापूर्वीच गोंड, कोलाम, आंध कुटुंबांतील स्त्रिया आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. ऊन चढण्याच्या आत वेचणी उरकावी लागते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यातून वणवे लागतात. झाडाखाली जाळी बांधली की जंगल वाचते आणि फुलेही मातीविना, स्वच्छ मिळतात. हा उपाय साधा आहे, पण जाळीचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाशी तो अडतो.

फुलापासून मद्यापर्यंत

वाळलेल्या मोहफुलाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरेचा असतो. म्हणूनच ते मद्याचे साधन होण्याआधी अन्न आहे. फुले भाजून खातात, भाकरीत मिसळतात, त्यांचे लाडू करतात. टंचाईच्या काळात याच फुलांनी आदिवासी कुटुंबांना तारले आहे. पुढे फळे आली की बियांचे तेल निघते.

द्राक्षाची वाइन आणि मोहाचे मद्य यांत मूलभूत फरक आहे. द्राक्षाचा रस आंबवला की वाइन तयार होते. रसातील आम्लता तिला टिकवते आणि चवही देते. मोहफुलात आम्लता कमी असते. वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात, मग ते मिश्रण भांड्यात उकळून त्याची वाफ थंड करतात. म्हणजेच मोहाचे पारंपरिक मद्य ही वाइन नसून ऊर्ध्वपातित मद्य आहे. त्याचे नाते द्राक्षाच्या वाइनपेक्षा गोव्याच्या फेणीशी अधिक जवळचे आहे.

गोंड समाजात जन्म, लग्न, मृत्यू आणि देवकार्य या प्रसंगी मोहाच्या मद्याला स्थान आहे. तेथे ते चैनीची वस्तू नसून विधीचा भाग आहे. शहरी माणूस मात्र त्याला सरसकट 'हातभट्टी' म्हणून मोकळा होतो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या विषारी दारूत घातक ठरले ते मिथेनॉल. त्या दारूचा मोहफुलाशी संबंध नव्हता. तरीही सरसकट संशयाची सावली मोहावरही पडते.

कायद्याचे कुंपण

या संशयाला मोठा इतिहास आहे. ब्रिटिशांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातील घरगुती मद्यनिर्मिती मोडून काढली आणि १८९२ मध्ये केवळ मोहफुलांसाठी वेगळा कायदा केला. त्यामागे लोकांच्या आरोग्यापेक्षा महसुलाची चिंता अधिक होती. किनवट तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग राहिले. निजामाच्या तिजोरीतही अबकारीचा वाटा मोठा होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलांवरील नियंत्रण चालूच ठेवले. आपल्याच जंगलातील फूल साठवायला आणि दुसऱ्या गावी न्यायला परवाना मागण्याची पाळी आदिवासींवर आली.

परिणामी फुले हंगामातच मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला द्यायची आणि गरज पडली की चढ्या भावाने परत घ्यायची, असे चक्र सुरू झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसमूहांचा हक्क मान्य केला. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. २०२२ मध्ये काजूबोंडे, मोहफुले आदींपासून राज्यात बनणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा देण्याचा निर्णय झाला. या मातीतल्या सर्वांत जुन्या मद्याला प्रतिष्ठा मिळण्यासाठी 'विदेशी' व्हावे लागावे, हा योगायोग बोलका आहे.

शेजाऱ्यांचे धडे

गोव्याने फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले आणि २०१६ मध्ये तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये वारसा मद्याचे धोरण आणले आणि अलीराजपूर व दिंडोरी जिल्ह्यांतील आदिवासी बचतगटांकडे मोहाच्या मद्याची निर्मिती सोपवली. तेथे धोरणाच्या केंद्रस्थानी कारखानदाराऐवजी बचतगट आहे, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्रात केवळ परवाने खुले झाले तर भांडवल असलेला बाहेरचा उद्योजक फुले विकत घेईल आणि वेचणारी स्त्री पूर्वीप्रमाणे टोपलीच्या भावावरच थांबेल.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आदिवासी पाड्यांत कमी नाहीत. गडचिरोलीत १९९३ पासून असलेली दारूबंदी ही तेथील लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आंदोलनाचे फलित आहे. तेव्हा पर्यटनाच्या नावाखाली गावोगावी मद्यविक्री सुरू करणे हे या प्रश्नाचे उत्तर असू शकत नाही. किनवट तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. मोहाचे मद्य व्हावे की लाडू, सरबत आणि तेल यांवरच भर द्यावा, याचा निर्णय त्या सभेत आणि स्त्रियांच्या संमतीने होणे हेच उचित ठरेल.

पर्यटकाला तोवर थांबण्याचे कारण नाही. परवान्याविना गाळलेली दारू विकत घेणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही. पण पहाटेची वेचणी पाहावी, वेचणाऱ्यांशी बोलावे, सुकवलेली फुले वा त्यांचे पदार्थ मिळाले तर योग्य दाम मोजून घ्यावेत, एवढे कोणालाही करता येईल. नाशिकची वाट द्राक्ष पिकवणाऱ्याच्या बांधापासून सुरू झाली. किनवटची वाट मोह वेचणाऱ्या हातांपासून सुरू झाली, तरच ती दूरवर जाईल.