बातमीतली इंग्रजी : शब्द कळला तरच बातमी कळते

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहा-पंधरा मुलेमुली जमतात. एक मराठी वर्तमानपत्र, एक इंग्रजी वर्तमानपत्र आणि एक जाडजूड शब्दकोश, एवढेच आमचे भांडवल. मध्यंतरी आखाती युद्धावरचा एक जुना लेख वाचायला घेतला होता. त्यात 'सँक्शन्स ऑन इराक' असे शब्द आले. बारावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, इराकला काय मंजूर झाले होते?" दोघे-चौघे हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही. कचेरीत वीस वर्षे रजा सँक्शन, कर्ज सँक्शन, बिल सँक्शन असेच लिहीत आलो. हाच प्रश्न एकेकाळी आम्हालाही पडला होता आणि विचारायची लाज वाटली होती. तिने विचारला, हे तिचे मोठेपण.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आज्ञा, कायदा. कायदा परवानगी देतो, तसा दंडही करतो. म्हणून एकाच शब्दाला दोन तोंडे आली. कचेरीत सँक्शन म्हणजे मंजुरी. देशादेशांच्या व्यवहारात सँक्शन्स म्हणजे निर्बंध. इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेतवर आक्रमण केले आणि ६ ऑगस्टला सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ करून इराकचा व्यापार बंद केला. यातले बहुतेक निर्बंध २००३ साली उठले. तोवर तेरा वर्षे सामान्य माणसाची चूल आणि औषधपाणी यांना झळ बसली. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने भारतावर लादले तेही सँक्शन्सच.

दुसरा शब्द शिकवला तो एका आईने. तिचा मुलगा आखातात नोकरीला आहे. तिकडे काही पेटले की ती टीव्हीसमोरून उठत नाही. एकदा तिने विचारले, "भाऊ, सीझफायर झाले म्हणतात. म्हणजे युद्ध संपले ना?" आम्हाला 'हो' म्हणता आले नाही. सीझफायर म्हणजे गोळीबार थांबला. ट्रूस म्हणजे काही काळापुरती तहकुबी. आर्मिस्टिस म्हणजे दोन्ही सैन्यांनी लेखी करार करून लढाई थांबवली. आणि पीस ट्रीटी म्हणजे शांततेचा तह. युद्ध कायद्याने संपते ते इथे. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी आर्मिस्टिसवर सह्या झाल्या. शांततेचा तह अजूनही झालेला नाही. तेथील युद्धकैद्यांचा प्रश्न हाताळणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष आपले जनरल थिमय्या होते. कैद्यांना मायदेशी पाठवणे, याला म्हणतात रिपॅट्रिएशन.

आपल्याकडेही काश्मीरमध्ये १९४९ साली आखली गेली ती सीझफायर लाइन. १९७२ च्या सिमला करारानंतर तिचे नाव लाइन ऑफ कंट्रोल झाले. आंतरराष्ट्रीय सीमा मात्र ती नव्हे.

कधी कधी शब्द मुद्दाम बदलून वापरला जातो. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात रशियन क्षेपणास्त्रे सापडली. अध्यक्ष केनेडी यांनी शस्त्रे नेणारी जहाजे अडवण्याचे जाहीर केले. याला सरळ शब्द ब्लॉकेड, म्हणजे नाकेबंदी. पण ब्लॉकेड ही आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाचीच कृती मानली जाते. म्हणून केनेडींनी शब्द वापरला क्वारंटाइन! २०२० साली कोरोनाने जो शब्द घराघरात आणला, तोच. जहाजे अडलीच, पण युद्ध पुकारल्याचा शिक्का टळला.

आता आपल्या मुलांना छळणारा सर्वांत लहान शब्द घ्या : 'द'. मराठीत तो नाहीच, म्हणून आपण तो हवा तिथे गाळतो आणि नको तिथे घालतो. २२ नोव्हेंबर १९६७ चा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २४२ पाहा. युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने सैन्य मागे घ्यावे, असे तो म्हणतो. पण इंग्रजी मसुद्यात 'फ्रॉम टेरिटरीज' असे आहे, 'फ्रॉम द टेरिटरीज' असे नाही. इस्रायलची बाजू म्हणते, सगळ्या प्रदेशांतून असे कुठे लिहिले आहे? अरब देश फ्रेंच मसुदा दाखवतात. त्यात ते उपपद आहे. एवढ्याशा शब्दावर पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. व्याकरणाचा तास कंटाळवाणा म्हणणाऱ्या मुलांना आम्ही हेच उदाहरण सांगतो.

माफीचेही तसेच. १ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक दगावला. अमेरिकेचे चोवीस कर्मचारी चीनच्या ताब्यात सापडले. चीनने अपॉलॉजी मागितली. अमेरिकेने पत्रात 'व्हेरी सॉरी' लिहिले. ते वाचून चीनने आपल्या जनतेला माफी मिळाल्याचे सांगितले, अमेरिकेने आपल्या जनतेला माफी मागितली नसल्याचे सांगितले आणि माणसे घरी गेली. 'रिग्रेट' तर याहून सौम्य. नोकरीचा अर्ज नाकारणाऱ्या पत्रात तो ज्यांनी वाचला आहे, त्यांना त्यात किती दुःख असते ते ठाऊक आहेच!

वाचक बंधू-भगिनींनो, यासाठी महागडा क्लास लागत नाही. दोनशे पानी वही घ्या. पानावर चार रकाने आखा : शब्द, मराठी अर्थ, बातमीतले पूर्ण वाक्य आणि तारीख. रोज तीनच शब्द. सुटा शब्द पाठ करू नका, वाक्यासकट लिहा; नाही तर इराकला 'मंजुरी' मिळेल. मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांतली एकच बातमी शेजारी ठेवून वाचा. रात्री जेवणानंतर मुलाने आईला एक शब्द समजावून सांगावा. आईला कळला, तर तो मुलाला खरा कळला असे समजावे.

त्या बारावीतल्या मुलीची वही आता अर्धी भरली आहे. गेल्या रविवारी आखातातल्या मुलाची आई वाचनालयात आली, तेव्हा बातमी आम्ही वाचली नाही. त्या मुलीनेच वाचली. "मावशी, हे नुसते सीझफायर आहे, तह नाही," ती म्हणाली, "पण आज गोळीबार थांबला आहे. तुम्ही फोन करा." मावशींनी तिथेच बसून फोन लावला.